पुढे काय, आणि कशावरून?



माझ्या गावाचं नाव नवलाख उंबरे. मावळ तालुक्यात, तळेगावच्या उत्तरेला. नाव सांगितलं की नवखा माणूस हमखास थबकतो आणि विचारतो, “नऊ लाख? आणि उंबरे कसले, दाराचे की झाडाचे?” लहानपणी आम्ही त्याला छातीठोक उत्तर देत असू. इथे एके काळी नऊ लाख घरांचं नगर होतं; घर म्हटलं की उंबरा आलाच, म्हणून नवलाख उंबरे. पुढे हिशेब करण्याइतकं वय झालं. घरटी पाच माणसं धरली तरी ही वस्ती पंचेचाळीस लाखांवर जाते. २०११ सालच्या जनगणनेत पुणे शहराची लोकसंख्या होती सुमारे एकतीस लाख. म्हणजे आमच्या गावाने पुण्यालाही केव्हाच मागे टाकलं होतं म्हणायचं!

मग नाव पडलं कशावरून? झाडावरून वस्तीला नाव पडावं हे आपल्याकडे नवं नाही. आमच्या शेजारीच वडगाव आहे, जांभूळ आहे, थोडं पुढे चिंचवड आहे. उंबरालाच काय म्हणून वगळावं? आणि ‘नवलाख’ हा शब्द तर आपल्या बोलीत मोजणीपेक्षा वैभवासाठीच अधिक चालतो. नवलाख हार म्हटलं तर त्यातले मणी कुणी मोजत बसत नाही. तेव्हा नऊ लाख घरांचं नगर मी मनातून काढून टाकलं. काढताना थोडं वाईट वाटलं, हे कबूल करतो. पण त्या दिवशी एक गोष्ट हाती आली. गोष्ट ऐकताना माणसाच्या मनात दोन प्रश्न उठतात. पहिला, ‘पुढे काय झालं?’ आणि दुसरा, ‘हे कशावरून?’ पहिला प्रश्न आपल्याला पान उलटायला लावतो. दुसरा प्रश्न उलटलेलं पान पुन्हा मागे घ्यायला लावतो.

आज आपल्याशी बोलायचं आहे ते रहस्यकथा आणि ऐतिहासिक कादंबऱ्या यांविषयी. मी समीक्षक म्हणून बोलत नाही. कॉलेजात शिकवणारा, आणि शिकवून झाल्यावर आडवं पडून कादंबरी वाचणारा एक वाचक म्हणून बोलतो आहे. हे दोन प्रकार आपल्या वाचनालयांतून सर्वांत अधिक झिजतात. ज्या पुस्तकाचा पुठ्ठा सुटला आहे आणि शेवटचं पान शाईच्या डागांनी भरलं आहे, ते उघडून पाहावं; बहुधा ते या दोहोंपैकी एक असतं.

आधी रहस्यकथा घेऊ. आमच्या घरात ती उजळ माथ्याने कधी वाचली गेली नाही. ती क्रमिक पुस्तकाच्या आत ठेवून वाचायची, आणि मास्तरांची पावलं वाजली की मिटायची. बाबुराव अर्नाळकरांनी हजारावर पुस्तकं लिहिली. त्यांचा झुंजार, त्यांचा काळा पहाड यांनी मराठी माणसाच्या दोन पिढ्यांना वाचनाची गोडी लावली. शाळा सुटलेले, गिरणीत लागलेले, जेमतेम अक्षरओळख असलेले कितीतरी लोक अर्नाळकरांच्या बोटाला धरून सलग वाचायला शिकले. पुढे गुरुनाथ नाईक आले. त्यांच्याही पुस्तकांची संख्या हजाराच्या वर गेली. सुहास शिरवळकर आले. ‘दुनियादारी’मुळे त्यांचं नाव सर्वतोमुखी झालं, पण त्याआधी त्यांचा वकील अमर विश्वास कोर्टात उभा राहिला की एस.टी. स्टँडवरचा वाचक आपली गाडी चुकवीत असे. नारायण धारपांनी भीतीची आणि रत्नाकर मतकरींनी गूढतेची वाट दाखविली. एवढं सगळं होऊनही साहित्याच्या पंगतीत या मंडळींचं पान बराच काळ ओसरीवरच मांडलं गेलं.

या लेखनात दोष नव्हते असं नाही. घाईने लिहिलेलं पुष्कळ होतं. नायकाला लागलेली गोळी नेमकी दंडाला चाटून जायची, आणि खुनी म्हणून शेवटच्या पानावर असा कुणी उभा राहायचा, की ज्याला आपण आधी पाहिलेलंच नाही! वाचक फसला म्हणून रागावत नाही, त्याला फसायचंच असतं. पण त्याला पुरावा न दाखवता फसवलं, तर तो रागावतो. इंग्लंडात १९३० साली रहस्यकथाकारांनी एक मंडळ काढलं. त्यात प्रवेश घेताना लेखकाला गमतीगमतीत का होईना, पण शपथ घ्यावी लागे. गुन्ह्याचा उलगडा दैवी चमत्काराने वा केवळ योगायोगाने करणार नाही, आणि महत्त्वाचा दुवा वाचकापासून लपवणार नाही, अशी ती शपथ. मला ती फार आवडते. लेखक आणि वाचक यांच्यातला हा सरळ व्यवहार आहे. जे गुप्तहेराला दिसतं ते मलाही दाखवा. मग मी हरलो तर ती हार माझी.

चांगली रहस्यकथा वाचणाऱ्याला नकळत एक सवय लागते. ‘मी त्या रात्री घरीच होतो,’ असं पात्राने म्हटलं की वाचकाचे कान टवकारतात. घरी होता, पण पाहिलं कुणी? सांगणाऱ्याचा त्यात फायदा काय? त्याने स्वतः पाहिलं की दुसऱ्याकडून ऐकलं? आमच्या गावाभोवती आता कारखाने उभे राहिले आहेत. तिथे तयार झालेला माल तपासण्याच्या कामावर असलेला एक तरुण माझ्या ओळखीचा आहे. रात्रपाळीहून आला की तो रहस्यकथा वाचतो, कधी मोबाईलवर कानाने ऐकतोही. तो एकदा मला म्हणाला, “सर, आमचं काम आणि यातलं काम एकच. पुढच्या माणसाने ‘ओके’ लिहिलंय म्हणून आपण ‘ओके’ लिहायचं नाही. आपण पुन्हा माप घ्यायचं.” रहस्यकथेची इतकी नेमकी थोरवी मी कुठल्या समीक्षाग्रंथात वाचलेली नाही.

आता ऐतिहासिक कादंबरीकडे वळू. इथे लेखकापुढे एक चमत्कारिक अडचण असते. शेवट सगळ्यांना ठाऊक असतो. रणजित देसाई यांची ‘स्वामी’ १९६२ साली आली. थोरले माधवराव पेशवे १८ नोव्हेंबर १७७२ रोजी थेऊरला वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी गेले, आणि रमाबाई सती गेल्या, हे शाळकरी मुलालाही माहीत. तरी माणसं ती कादंबरी रात्र रात्र जागून का वाचतात? ‘पुढे काय’ हे माहीत असताना उत्सुकता टिकते कशी? मला वाटतं, तिथे उत्सुकतेची जागा बदलते. काय झालं हा प्रश्न मागे पडतो, आणि ‘त्या माणसाने ते सोसलं कसं?’ हा प्रश्न पुढे येतो. पानिपतानंतर मोडलेलं राज्य, घरातच चुलत्याशी वैर, आणि अंगात क्षय. या तिन्हींशी झगडणारा सोळा-सतरा वर्षांचा पोर आपल्याला दिसतो. तो मरणार हे आपल्याला माहीत असतं आणि त्याला माहीत नसतं. या कादंबरीतली सारी उत्कंठा त्या अंतरात भरलेली आहे.

विश्वास पाटील यांची ‘पानिपत’ १९८८ साली आली. १४ जानेवारी १७६१ ही तारीख तर आपल्या म्हणीवाक्प्रचारांत जाऊन बसलेली. तरीही वाचताना मनात येत राहतं, की आज रसद पोहोचेल, आज कुणी मदतीला येईल. ना. सं. इनामदारांनी आणखी वेगळा रस्ता धरला. १९६३ सालच्या ‘झेप’मध्ये त्यांनी त्रिंबकजी डेंगळ्यांना नायक केलं, पुढे ‘मंत्रावेगळा’त दुसऱ्या बाजीरावांना. ज्यांच्या नावापुढे इतिहासाने फुली मारली होती, त्यांचा खटला त्यांनी जणू पुन्हा चालवायला घेतला. आणि आमच्या तळेगावला राहून गेलेले गो. नी. दांडेकर यांचं तर सगळंच न्यारं. त्यांच्या शिवकालीन कादंबऱ्या वाचताना जाणवतं, की हा लेखक गडावर पायांनी गेलेला आहे. वाट कुठे वळते, टाकं कुठे आहे, वारा कुठल्या बाजूने येतो, हे घरबसल्या सुचत नाही.

रहस्य आणि इतिहास ही मराठीत पहिल्यापासून एका घरातली भावंडं आहेत. १८७१ साली रा. भि. गुंजीकरांची ‘मोचनगड’ आली, ती आपली पहिली ऐतिहासिक कादंबरी. तिच्यातला गडच कल्पनेतला. ह. ना. आपट्यांच्या ‘उषःकाल’चे हप्ते १८९५ पासून ‘करमणूक’ साप्ताहिकात येत होते. म्हणजे पुढे काय हे कळायला वाचकाला आठवडाभर थांबावं लागे. वेषांतर, भुयारं, गुप्त मसलती यांची भूल तेव्हापासून आपल्याला आहे. आणि सिंहगडच्या कड्यावरून पडून पाय गमावलेल्या नाथमाधवांनी अंथरुणावर पडल्या पडल्या ‘वीरधवल’सारखी अद्भुत कादंबरी दिली, स्वराज्यावरच्या कादंबऱ्याही दिल्या.

अलीकडे हा जुना धागा पुन्हा उचललेला दिसतो. डॉ. प्रकाश कोयाडे यांच्या ‘प्रतिपश्चंद्र’ने शिवमुद्रेच्या पहिल्या शब्दावरून आपलं नाव घेतलं आणि आजच्या काळात इतिहासातल्या रहस्याचा शोध मांडला. कॉलेजातली मुलं ती एकमेकांच्या हातून ओढून घेताना मी पाहिली आहेत. ज्या मुलांना मी चार वर्षं इतिहासाचं पुस्तक उघडायला लावू शकलो नाही, ती मुलं या वाटेने शिवमुद्रेचा अर्थ विचारायला येतात, याचा मला आनंदच होतो. माझी तक्रार एवढीच, की अशा कादंबऱ्यांच्या लाटेत प्रत्येक गडाखाली खजिना दडलेला दिसू लागतो. खजिन्याच्या आशेने हाती पहार घेऊन गडावर जाणारी माणसं खऱ्या जगातही असतात, आणि त्यांनी उकरलेली जोती पुन्हा जोडता येत नाहीत.

आता आमच्याच मुलखातली एक गोष्ट सांगतो. ती कुणी रचलेली नाही, घडलेली आहे.

लोणावळ्याच्या वायव्येला, घाटाच्या अगदी कडेवर राजमाची आहे. श्रीवर्धन आणि मनरंजन असे तिचे दोन बालेकिल्ले. गोनीदांच्या ‘माचीवरला बुधा’मुळे ती पुष्कळांना वाचूनच माहीत आहे. १७७६ साली या राजमाचीवर एक माणूस आला. त्याचं म्हणणं असं, की मी सदाशिवरावभाऊ पेशवा. पानिपतावर मी मेलो नाही!

जरा विचार करा, श्रोतेहो. पानिपत होऊन पंधरा वर्षं झालेली. भाऊसाहेब पडले, हे बहुतेकांनी मानलेलं. पण सगळ्यांच्या मनाची खात्री पटलेली नाही. त्यांच्या पत्नी पार्वतीबाईंनी तर वैधव्य पत्करलंच नाही. १७८३ साली त्यांचं निधन झालं तोवर त्या वाट पाहणाऱ्या बाईसारख्याच राहिल्या. गादीवर सवाई माधवराव, वय वर्षं दोन. कारभार नाना फडणीस आणि बारभाई मंडळींच्या हाती. राघोबादादा इंग्रजांच्या आसऱ्याला. अशा वेळी खुद्द पानिपतचा सेनापती परत आला, अशी हाक उठते! हा माणूस नवखा नव्हता. तो उत्तरेतला कनोजी ब्राह्मण. थोरल्या माधवरावांच्या काळातच तो धरला गेला होता, चौकशी होऊन तोतया ठरला होता आणि कैदेत पडला होता. १७७६ त रत्नागिरीच्या अधिकाऱ्यानेच त्याला सोडलं आणि त्याच्या नावाने निशाण उभारलं. बघता बघता कोकणातला पुष्कळ मुलूख त्याच्या बाजूला गेला. पेशव्यांच्या फौजेला रेटीत तो बोरघाटापर्यंत आला आणि राजमाचीने त्याला धनी म्हणून दार उघडलं. तिथून पुणं किती लांब? पुढे पुण्याच्या फौजेने त्याला घाटाखाली पिटाळलं. तो होडीतून निसटू पाहत होता, तेव्हा राघोजी आंग्र्यांनी त्याला पकडून पुण्याला पाठवलं. तिथे त्याला देहदंड झाला.

न. चिं. केळकरांनी या प्रकरणावर ‘तोतयाचे बंड’ हे नाटक लिहिलं. पण मला वारंवार वाटतं, की यात अव्वल दर्जाची रहस्य कादंबरी आहे. तसबीर काढायचं यंत्र नाही, बोटांचे ठसे नाहीत. पंधरा वर्षांत चेहरा बदलतो. मग माणूस ओळखायचा कशावरून? बोलीवरून? जखमेच्या खुणेवरून? घरातल्या माणसांनाच ठाऊक असलेल्या एखाद्या गोष्टीवरून? आणि ओळखणारा तरी निर्मळ मनाचा आहे का? ज्याला आशा आहे तो ‘होय’ म्हणणार. ज्याच्या हाती सत्ता आहे तो ‘नाही’ म्हणणार. नाना फडणीस स्वतः पानिपताहून जीव वाचवून आलेले. भाऊसाहेबांना त्यांनी जवळून पाहिलेलं. त्यांच्या साक्षीला वजन मोठं. पण तोतया खरा ठरला असता, तर गमवावं लागणारंही त्यांनाच अधिक होतं! खरा गुप्तहेर या दोन्ही गोष्टी एकाच वहीत लिहील. आणि मग तो विचार करील त्या राजमाचीच्या गरीब शिबंदीचा. त्यांना कुणी फितूर म्हणेल. पण त्यांच्यातल्या किती घरांतली माणसं पानिपतावर गेली असतील आणि परतली नसतील? सेनापती परत येऊ शकतो, तर आपला भाऊ, आपला बापही येऊ शकेल. दरवाजा उघडणाऱ्या हाताला अशीही आशा असू शकते. इथून पुढे दप्तराचं काम संपतं आणि कादंबरीकाराचं सुरू होतं.

परदेशात अशी कादंबरी झालेली आहे. जोसेफिन टे या लेखिकेने १९५१ साली ‘द डॉटर ऑफ टाइम’ लिहिली. पाय मोडून इस्पितळात पडलेला एक पोलीस अधिकारी इंग्लंडच्या तिसऱ्या रिचर्ड राजाचा खटला खाटेवरूनच तपासतो. या राजाने आपल्या कोवळ्या पुतण्यांना मारलं, असं शाळेत शिकवलं जाई. हा अधिकारी विचारतो, हे सांगतो कोण? त्याला आढळतं, की ज्या थोर ग्रंथकाराच्या भरवशावर सगळे बोलतात, तो थॉमस मोर त्या घटनांच्या वेळी लहान मूल होता. म्हणजे साक्ष ऐकीव! त्या अधिकाऱ्याचा निकाल सर्व इतिहासकारांनी मानला असं नाही. पण हजारो सामान्य वाचकांना त्या पुस्तकाने साक्षीदाराचं वय विचारायला शिकवलं.

आता मी माझ्याच चुकीकडे येतो. ती सांगितल्याशिवाय हे बोलणं प्रामाणिक होणार नाही.

काही वर्षांपूर्वी वर्गात थेऊरचा शेवटचा प्रसंग मी फार रंगवून सांगितला. माधवराव काय म्हणाले, रमाबाई काय म्हणाल्या, सगळं. मुलींच्या डोळ्यांत पाणी आलं. माझा मीच खूश झालो. परीक्षेत एका मुलीने ते संवाद पेशव्यांचे उद्गार म्हणून अवतरणचिन्हांत लिहिले. तपासणाऱ्याने त्या उत्तरावर आडवी रेघ मारली आणि शेरा लिहिला, ‘आधार?’ ती पेपर घेऊन माझ्याकडे आली. रडली नाही. इतकंच म्हणाली, “सर, ते असं म्हणाले नव्हते का? तुम्हीच तर सांगितलं होतं.”

माझ्याजवळ उत्तर नव्हतं. ते शब्द कादंबरीतले होते. कादंबरीकाराने ते कादंबरी म्हणूनच लिहिले होते. त्याने कुणाला फसवलं नव्हतं. फसवलं होतं मी. पुस्तकाच्या पुठ्ठ्यावर ‘कादंबरी’ हा शब्द छापलेला असतो. माझ्या तोंडावर तो छापलेला नव्हता. चार गुणांचं तिचं नुकसान मी भरून देऊ शकलो नाही. तेव्हापासून मी वर्गात एक वाक्य न विसरता म्हणतो, ‘इथवर कागदपत्रं आहेत, इथून पुढे लेखक आहे.’

कुणी म्हणेल, चार गुणांचा काय एवढा बाऊ? पण प्रश्न नेहमी चार गुणांवर थांबत नाही. शिवाजी सावंतांची ‘छावा’ १९७९ सालची. २०२५ साली तिच्यावरून हिंदी चित्रपट निघाला आणि वाचनालयात ती कादंबरी मागणाऱ्यांची पुन्हा रीघ लागली. त्याच वेळी संभाजीराजांच्या कैदेच्या प्रसंगात फितुरी कुणी केली, यावरून वाद पेटला. एका घराण्याच्या वंशजांनी आक्षेप घेतला आणि दिग्दर्शकांना दिलगिरी व्यक्त करावी लागली. त्या वादात कोण बरोबर, हे ठरवायला मी इथे बसलेलो नाही. मी एवढंच म्हणतो, की सव्वातीनशे वर्षांपूर्वीच्या घटनेचा डाग आजच्या माणसाच्या आडनावाला लागतो. शाळेच्या वर्गात त्या आडनावाचं एखादं पोर बसलेलं असतं. मधल्या सुट्टीत त्याला इतर मुलं काय म्हणतात, ते आपण गुरुजनांनी कधी कान देऊन ऐकावं.

आमच्या मावळात तर हे दुखणं अगदी घरचं आहे. बाजीराव पेशव्यांवरची कुठलीही कादंबरी वाचताना माझं मन थोडं तळेगावकडे धावतं. १ एप्रिल १७३१ रोजी डभईला बाजीरावांशी झालेल्या लढाईत सेनापती त्रिंबकराव दाभाडे पडले. दाभाडे तळेगावचे. त्रिंबकरावांचे वडील खंडेराव यांची समाधी आजही तळेगावात आहे. पुण्याच्या कादंबरीत जो विजय, तो तळेगावच्या वाड्यात सुतक होता. कादंबरीला एक नायक लागतो, आणि नायकावर प्रकाश टाकला की समोरचा माणूस आपोआप अंधारात जातो. लेखकाचा त्यात दोष असतोच असं नाही. अंधारातल्या माणसाची विचारपूस वाचकाने करायची असते. नंदा खरे यांची १९९७ सालची ‘अंताजीची बखर’ म्हणूनच मला मोलाची वाटते. मराठे बंगालवर चालून गेले, त्या काळातल्या एका सामान्य माणसाच्या तोंडून ती सांगितलेली आहे. बंगालातल्या आया मुलांना ‘बर्गी आला’ अशी भीती घालून निजवीत. तो बर्गी म्हणजे आपलेच घोडेस्वार! हे वाचून आपला इतिहास लहान होत नाही. आपली समज मात्र वाढते.

तर मग शिक्षकांनी मुलांना ऐतिहासिक कादंबऱ्या देऊ नयेत का? अवश्य द्याव्या. हातचं न राखता द्याव्या. कादंबरीशिवाय इतिहासाला रक्तमांस येत नाही, आणि वयाच्या चौदाव्या वर्षी ज्याला कुणी गडावरच्या वाऱ्याची हाक ऐकवली नाही, तो चाळिसाव्या वर्षी दप्तरं चाळायला जाणार नाही. माझं मागणं एवढंच, की कादंबरी देताना तिच्याबरोबर रहस्यकथेचे चार प्रश्नही द्यावे. हे सांगतो कोण? त्याने पाहिलं की ऐकलं? घटनेनंतर किती वर्षांनी सांगितलं? आणि सांगण्यात त्याचा लाभ काय? पत्र आणि बखर यांतला फरक याच चार प्रश्नांनी मुलांना कळतो. पत्र घडत्या दिवशी लिहिलेलं असतं. लिहिणाऱ्याला उद्याचं ठाऊक नसतं. बखर बहुधा मागाहून, शेवट माहीत झाल्यावर सांगितलेली असते. राजवाड्यांनी १८९८ साली ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड काढला, तो पानिपताच्या आधीच्या अकरा-बारा वर्षांतल्या पत्रांचा. ‘पानिपत’ कादंबरी वाचून झाल्यावर त्यातली चार पत्रं वर्गात मोठ्याने वाचून पाहा. अंगावर काटा तिथेही येतो.

आणखी एक सोपी युक्ती. ‘श्रीमान योगी’ १९६८ साली प्रसिद्ध झाली, तिच्या आरंभी नरहर कुरुंदकरांचं दीर्घ पत्र छापलेलं आहे. शिवचरित्राची साधनं कोणती, अडचणी कोणत्या, कुठे काय मानावं, याची एवढी रोखठोक चर्चा कादंबरीच्या उंबऱ्यावरच करून ठेवलेली आहे. बहुतेक वाचक ती ओलांडून थेट आत जातात. शिक्षकांनी तसं करू नये. आधी उंबऱ्यावर थोडं बसावं, मग आत जावं.

ती मुलगी आता एका प्राथमिक शाळेत शिक्षिका आहे. मध्यंतरी भेटली तेव्हा सांगत होती, की गोष्ट सांगताना ती फळ्याच्या मधोमध उभी रेघ ओढते. एका बाजूला ‘कागद सांगतो’, दुसऱ्या बाजूला ‘गोष्ट सांगते’. मुलं स्वतः ठरवतात कोणतं वाक्य कुठे लिहायचं. “भांडतात सर,” ती हसून म्हणाली, “पण आता ‘कशावरून’ म्हणून भांडतात.” मी तिला काही बोललो नाही. माझ्या चुकीचं तिने याहून चांगलं काही केलं नसतं.

परवा संध्याकाळी गावात आम्ही काही जण पुस्तकांवरच बोलत बसलो होतो. एका सातवीतल्या मुलाने मला विचारलं, “सर, आपल्या गावात खरंच नऊ लाख घरं होती?” मी म्हणालो, “तुला काय वाटतं?” त्याने जरा हिशेब केला, गालात हसला आणि म्हणाला, “नसणार. एवढ्यांना पाणी कुठून आणणार?”

पंचेचाळीस लाखांचा माझा हिशेब त्याच्या एका हंड्यापुढे फिका पडला. असा वाचक गावोगावी तयार झाला, तर लेखकांनी खुशाल रहस्य रचावं, खुशाल इतिहास रंगवावा. त्याच्या हाती कोणतंही पुस्तक द्यायला मला भीती वाटणार नाही.